ऑनलाइन घेतलेलं ऑटोमॅटिक घड्याळ, मालवणचा पावसाळा आणि पंच्याऐंशी दिवस

हरतालिकेच्या दुपारी मी स्टुलावर चढून गणपतीच्या वर टांगायच्या माटवीला कवंडळाची फळं बांधत होतो, तेवढ्यात खिशातला मोबाइल वाजला. बँकेचा मेसेज होता, १८,४२४ रुपये जमा. खाली सुतळी धरून उभ्या असलेल्या आप्पांनी माझा चेहरा बघून विचारलं, "इले?" मी म्हटलं, "इले."

ऑनलाइन घेतलेल्या, बिघडलेल्या घड्याळाचे पैसे शेवटी परत आले होते. आता गणपती झाले, पाहुणे गेले, म्हणून निवांत लिहायला बसलोय. जूनमध्ये मी हेच सगळं मोबाइलवर शोधत होतो तेव्हा इंग्रजीत ढीगभर सापडलं, मराठीत जवळजवळ काहीच नाही. विक्रेत्याचं आणि ब्रँडचं नाव लिहीत नाही. ब्रँडचा तर यात काही दोषही नव्हता.

घड्याळाची हौस आप्पांकडून आली. ते एसटीत कंडक्टर होते आणि त्यांच्या हातात कायम एचएमटी जनता. एचएमटीचा घड्याळांचा कारखाना १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने बंगळुरात सुरू झाला. २०१६ मध्ये सरकारने एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करायचं ठरवलं. आप्पांचं घड्याळ मात्र कुणी बंद केलं नाही. सकाळच्या बातम्या लागल्या की ते चहा बाजूला ठेवून चावी देतात, अजूनही. मी पतसंस्थेत नोकरीला, दिवसभर कॉम्प्युटरच्या कोपऱ्यात वेळ दिसतेच. तरी चाळिशी उलटल्यावर वाटलं, आपलंही एक बिनसेलचं घड्याळ असावं.

१४ एप्रिलला ऑर्डर दिली. जपानी मशीनचं ऑटोमॅटिक घड्याळ, म्हणजे हाताच्या हालचालीने आपोआप चावी भरणारं, किंमत १८,८०० रुपये. यूपीआयने भरले तर दोन टक्के सूट, म्हणून ३७६ रुपये वाचवायला यूपीआय केलं. ही माझी पहिली चूक. क्रेडिट कार्डाने भरलं असतं तर बँकेकडे व्यवहारावर हरकत घेण्याचा एक रस्ता उघडा राहिला असता. दुसरी चूक म्हणजे भाव का कमी आहे हे विचारलं नाही. तेच मॉडेल अधिकृत दुकानात साधारण पाच हजारांनी महाग होतं. मला वाटलं, ऑनलाइनवाल्याला दुकानाचं भाडं नाही म्हणून स्वस्त. खरं कारण जूनमध्ये कळलं, ते पुढे येतंच.

२१ एप्रिलला कुरिअरवाल्याचा फोन, "देवळाकडे येवा, थयसर उभो असंय." रस्त्यावरच सही केली आणि घरी येऊन हावरटासारखा बॉक्स फोडला. व्हिडिओ काढला नाही. ही तिसरी. यापुढे हिशेब सांगत नाही.

पहिले दोन आठवडे सुखाचे गेले. पतसंस्थेच्या जुन्या डायरीत मी रोज रात्री नऊला मोबाइलच्या वेळेशी ताडून फरक लिहायचो: अधिक ११, अधिक १३, अधिक १२ सेकंद. नव्याने घेणाऱ्यांनी इथे एक लक्षात ठेवावं. सेलवर चालणाऱ्या क्वार्ट्झ घड्याळाची सवय असलेल्याला दिवसाला बारा सेकंद म्हणजे बिघाड वाटतो, पण या वर्गातल्या जपानी ऑटोमॅटिक मशीनना कंपनीच दिवसाला वीस सेकंद मागे ते चाळीस सेकंद पुढे एवढी मुभा देते. त्या हद्दीत असाल तर तक्रार करू नका, हसं होतं.

९ मेच्या नोंदीत एकदम चार मिनिटं. १० मेला पावणेपाच. दिवसाला! रात्री पंखा बंद करून, घामाच्या धारा पुसत, मोबाइलवर टिकटिक मोजायचं ॲप लावलं आणि हेडफोनचा माइक घड्याळाला चिकटवून बसलो. हे मशीन तासाला २१,६०० ठोके देतं, म्हणजे सेकंदाला सहा. ॲप ते ठोके ऐकून घड्याळ किती पुढे-मागे पळतंय ते सांगतं. बाहेर रातकिडे, लांब समुद्राची गाज आणि मधेच शेजाऱ्यांचा कुत्रा, त्यामुळे आकडे उड्या मारत होते, पण सगळे तीनशे सेकंदांच्या आसपास. बायको दार उघडून बघून गेली. काही बोलली नाही, ते जास्त लागलं.

इतकं अचानक पुढे पळायला लागलं तर पहिला संशय चुंबकाचा घ्यायचा, असं वाचलं. आत केसाएवढी बारीक हेअरस्प्रिंग असते. तिची वेटोळी चुंबकत्वाने एकमेकांना चिकटली की स्प्रिंग जणू आखूड होते आणि बॅलन्स व्हील, म्हणजे घड्याळाची गती ठरवणारं चाक, भराभर हलायला लागतं. खात्री करायला होकायंत्र जवळ धरायचं. आता होकायंत्र कुठून आणायचं? माझा आतेभाऊ ट्रॉलरवर जातो. मासेमारी बंद व्हायला अजून तीन आठवडे होते. सकाळी बोट धक्क्याला लागल्यावर बर्फाच्या पाण्यातून वाट काढत मी केबिनमध्ये गेलो. आधी आप्पांचं एचएमटी होकायंत्राजवळ नेलं, आतली तबकडी ढिम्म. मग माझं नेलं. तबकडी सावकाश वळली आणि घड्याळाच्या मागे मागे यायला लागली. आतेभाऊ म्हणाला, "ह्या घालून बोटीर येव नको हां, आमका गोव्याक न्हेशीत."

दोष माझाच होता. रात्री काढलेलं घड्याळ मी रोज ब्लूटूथ स्पीकरवर ठेवत होतो. स्पीकरच्या पोटात भलंमोठं चुंबक असतं, हे शाळेत शिकलेलं आयत्या वेळी आठवलं नाही.

बाजारपेठेत घड्याळवाले काका आहेत. जिन्याखाली तीन फुटांची जागा, काचेचं कपाट, डोळ्याला भिंग. त्यांनी एक चपटं यंत्र काढलं, त्यावर घड्याळ ठेवून बटण दाबलं आणि बटण दाबलेलंच ठेवून घड्याळ हळूहळू हातभर लांब नेलं. दोनदा केलं. शंभर रुपये. त्या रात्रीची नोंद: अधिक १४ सेकंद.

इथपर्यंतचं का सांगितलं, तर पुढे विक्रेत्याशी भांडताना माझ्या मनात सतत धाकधूक होती की हेही आपणच केलं नाही ना. बिघाड झाला की पहिले दोन दिवस स्वतःचीच झडती घ्यावी. मग बोलताना आवाज कापत नाही.

मेच्या शेवटी घड्याळ पहाटे बंद पडायला लागलं. दिवसभर हातात, रात्री काढून लाकडी डब्यात, आणि सकाळी बघावं तर तीन-सव्वातीनला थांबलेलं. कंपनी म्हणते, पूर्ण चावी भरली की साधारण चाळीस तास चालतं. म्हणून दोन चाचण्या घेतल्या. पहिली, हाताने चाळीस वेळा चावी देऊन टेबलावर ठेवलं. ३९ तास चाललं. म्हणजे मुख्य स्प्रिंग ठणठणीत. दुसरी, पूर्ण थांबू दिलं, चावी न देता सकाळी हातात घातलं, दिवसभर वावरलो, मुद्दाम चालत घरी आलो. रात्री काढल्यावर पाच तासांत बंद. म्हणजे हात हलला की आतला अर्धचंद्रासारखा रोटर फिरून स्प्रिंगला चावी देतो, तेच काम नीट होत नव्हतं. शिवाय कानाशी धरून हलवलं की बारीक खरखर यायची. या दोन चाचण्यांना फक्त धीर लागतो. त्यांच्या तारखा-वेळा लिहून ठेवल्याने पुढे फार काम झालं.

काकांनी घड्याळ कानाला लावलं, मनगट दोनदा फिरवलं आणि म्हणाले, "रोटर घासता हा. स्क्रू ढिलो झालो असतलो. उघडून बघू?"

मी त्यांचा हातच धरला. "नको काका, वॉरंटी आहे." मागचं झाकण बाहेर उघडलं की विक्रेत्याच्या हातात आयतं कोलीत. काका थोडे दुखावले असावेत. त्यांनी भिंग उतरवून ठेवलं आणि म्हणाले, "बघ बाबा."

२ जूनला विक्रेत्याला ई-मेल केला. ५ जूनला उत्तर आलं की रोज आठ-दहा तास वापरा. मी डायरीचे फोटो, खरखरीचा व्हिडिओ आणि दोन्ही चाचण्यांचे आकडे पाठवले. १२ जूनला कळवलं, तपासणीसाठी पाठवा, खर्च तुमचा.

एकीकडे ब्रँडच्या भारतातल्या सर्व्हिस सेंटरला फोन केला होता. तिथल्या बाईंनी मागच्या झाकणावरचा नंबर घेतला, पाच मिनिटं होल्डवर ठेवलं आणि सांगितलं की हा माल आमच्यामार्फत भारतात आलेलाच नाही. वॉरंटी कार्डावर अधिकृत विक्रेत्याचा शिक्का आहे का? नव्हता. बॉक्सवर आयातदाराचं नाव, पत्ता, एमआरपी असलेला स्टिकर? तोही नव्हता. पाच हजारांच्या फरकाचं कोडं असं सुटलं. घड्याळ खरंच होतं, पण परस्पर बाहेरून आणलेलं, ज्याला ग्रे मार्केट म्हणतात. अशा घड्याळाला कंपनीची वॉरंटी इथे लागू होत नाही. असते ती विक्रेत्याची, म्हणजे त्याच्या शब्दाची.

१३ जूनला पोस्टात गेलो. बाहेर पाऊस धो धो, आत छत्र्यांचं तळं. घड्याळ आधी मोज्यात गुंडाळलं, मग डब्यात, डब्याभोवती वर्तमानपत्र कोंबलं, हलवलं तरी आवाज येऊ नये इतकं, आणि बाहेरून प्लॅस्टिक. काउंटरवर सांगून स्पीड पोस्टला विमा जोडला, एकूण ३१० रुपये. पाठवण्याआधी घड्याळाचे सगळ्या बाजूंनी चौदा फोटो काढले होते, त्यातला एक मागच्या झाकणावरच्या नंबराचा, अगदी जवळून. तो सर्व्हिस सेंटरला सांगायला काढला होता म्हणून काढला गेला. पुढचं सगळं त्या एका फोटोवर तरलं.

१९ जूनला पार्सल पोचल्याचं ट्रॅकिंगवर दिसलं आणि मग सामसूम. मी दर तीन दिवसांनी एक ई-मेल करायचो. एकदा फोन लागला तर "सर, टेक्निशियन रजेवर आहे." रिकाम्या मनगटाकडे हात जायचा, ते वेगळंच. ७ जुलैला उत्तर आलं: आत पाणी शिरलं आहे, गंज आहे, वापरणाऱ्याची चूक, वॉरंटी रद्द. दुरुस्ती हवी असल्यास ६,८०० रुपये. सोबत गंजलेल्या मशीनचा एक आणि मागच्या झाकणाचा एक, असे दोन फोटो.

खोटं कशाला बोलू, मी ते मानलं होतं. आमच्याकडे खाऱ्या वाऱ्याने दाराच्या बिजागऱ्या वर्षभरात गंजतात, पावसाळ्यात मिठाच्या बरणीत पाणी सुटतं, तर घड्याळ काय चीज. मी घड्याळ घालून कधी हातसुद्धा धुतला नव्हता, तरी वाटलं, हवाच अशी. रात्री जेवताना तसं बोललो. आप्पांनी मोबाइल मागून घेतला, फोटो मोठा केला, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "तुझो नंबर काय?"

माझ्या फोटोतल्या नंबराचे शेवटचे चार आकडे ४४१७. त्यांच्या फोटोतले ४४७१. आयुष्यभर तिकिटांचे नंबर जुळवलेला माणूस तो, त्याला एका नजरेत दिसलं. गंजलेलं घड्याळ माझं नव्हतंच. मुद्दाम केलं की तिथल्या गडबडीत फोटो बदलले, हे मला सांगता येणार नाही. मी आरोपही केला नाही. ९ जुलैच्या पत्रात दोन्ही फोटो शेजारी-शेजारी लावले आणि एवढंच लिहिलं की हे घड्याळ माझं नाही, माझं कुठे आहे?

हे पत्र मात्र नेहमीच्या कस्टमर केअरला पाठवलं नाही. ओरोसला, आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणी, वकिली करणारा एक शाळूसोबती आहे. त्याने सांगितलं की २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे अशा प्रत्येक विक्रेत्याला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो आणि त्याचं नाव-पत्ता वेबसाइटवर द्यावा लागतो. तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात. सदोष माल परत घ्यायला नकार देता येत नाही, हेही त्याच नियमांत आहे. अधिकाऱ्याचा पत्ता वेबसाइटच्या पार तळाला मुंगीएवढ्या अक्षरांत सापडला. ४८ तास गेले, पाच दिवस गेले, पोच नाही.

१४ जुलैला १९१५ वर फोन केला, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. मराठीत बोलता येतं. पलीकडच्या मुलीने शांतपणे सगळं ऐकलं, मधे दोनदा "म्हणजे घड्याळ आता त्यांच्याकडेच आहे ना?" असं विचारलं आणि डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नोंदणी क्रमांक, दिला. बिल, ई-मेल, पोस्टाची पावती, फोटो हे पोर्टलवर चढवायचे. माझं बिल आधी चढेचना. फाइल जड होती. पतसंस्थेतल्या स्कॅनरवर साहेबांची परवानगी घेऊन पुन्हा काढलं तेव्हा गेलं. एक गैरसमज काढून टाकतो: हेल्पलाइन हे कोर्ट नाही. ती तुमची तक्रार कंपनीकडे पाठवते, उत्तर मागते, पाठपुरावा करते, पण पैसे परत करा असा हुकूम सोडू शकत नाही. तरी परिणाम होतो. जे लोक माझ्या नऊ ई-मेलना उत्तर देत नव्हते, त्यांनी २४ जुलैला डॉकेटवर लिहिलं की फेरतपासणी करतो. १ ऑगस्टला मात्र नवीनच टूम: वॉरंटी कंपनीची असते, ग्राहकाने ब्रँडच्या सर्व्हिस सेंटरला जावं. ज्यांनी स्टिकर नसलेला माल विकला, तेच मला तिकडे धाडत होते.

त्या रात्री मी सोडून देणार होतो. अठरा हजारांसाठी किती दिवस घालवायचे? बायको म्हणाली, "पैसे राहूदेत. पण ती दुसऱ्याच्या गंजाची पावती आपल्या नावावर ठेवणार का?" हे मला पटलं म्हणण्यापेक्षा टोचलं.

वकील मित्र म्हणाला, नोटीस तूच लिही, मी नजर टाकतो. पान-दीड पानाची नोटीस झाली. तारीखवार घटना, दोन नंबरांचे फोटो, बॉक्सवर आयातदाराचं नाव आणि एमआरपी नसणं हा वेष्टनबंद वस्तूंच्या नियमांचा भंग आहे हा एक परिच्छेद, मागणी आणि पंधरा दिवसांची मुदत. रागाची विशेषणं त्याने सगळी खोडली. "तारखा पुरे," म्हणाला. ६ ऑगस्टला स्पीड पोस्टने गेली, ८४ रुपये. नारळी पौर्णिमेची गर्दी मालवणात जमायला लागली होती, धक्क्याकडचा रस्ता तुंबलेला, मी उलट्या दिशेने पोस्टात.

नोटीस पोचेपर्यंत पुढची तयारी करून ठेवली. याचीच मला सगळ्यात जास्त भीती होती आणि तेच सगळ्यात सोपं निघालं. ग्राहक आयोगात वकील लागतोच असं नाही. २०१९ च्या कायद्यानुसार तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, विक्रेत्याच्या गावी जावं लागत नाही. भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. आता सरकारच्या ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते. मी ओटीपीने खातं उघडलं, माझी आणि विक्रेत्याची माहिती भरली, कागद क्रमाने लावून पीडीएफ केले, प्रतिज्ञापत्राचा मसुदा तयार केला आणि दाखल करायच्या बटणाआधी थांबलो. त्या पानाचा एक फोटो हेल्पलाइनच्या डॉकेटवर चढवला, सोबत एक ओळ: २२ ऑगस्टला सकाळी दाखल करतोय.

१९ ऑगस्टला विक्रेत्याकडून फोन आला, पहिल्यांदाच त्यांच्याकडून. आवाज अगदी गोड. घड्याळ सापडलं होतं, गंज नव्हता, दुरुस्त करून फुकट पाठवू म्हणाले. मी दोन मिनिटं गप्प. एप्रिलमधले ते दोन आठवडे आठवले, डायलवरचा तो गडद निळा रंगही. पण याच घड्याळाला पुन्हा काही झालं तर पुन्हा हाच माणूस आणि हीच वॉरंटी. मी म्हटलं, पैसे परत द्या. पोस्टाचा खर्च ते देईनात, मी तो सोडला. काय ठरलं ते ई-मेलवर लिहून घेतलं, फोनवरच्या शब्दावर ठेवलं नाही. २२ तारखेला पैसे आले नव्हते, पण "प्रक्रियेत" असल्याचं उत्तर होतं, म्हणून बटण दाबलं नाही. २६ ला आले. पहिल्या ई-मेलपासून पंच्याऐंशी दिवस. माझ्या खिशातून गेले ते पोस्टाचे ३१० आणि ८४, झेरॉक्स-प्रिंटचे ६५, काकांचे १००. पैसे खात्यात दिसल्यावरच हेल्पलाइनची तक्रार बंद करायला होकार दिला, आधी नाही.

काल आप्पांच्या एचएमटीचा पट्टा बदलायला काकांकडे गेलो. पट्टा निवडता निवडता सगळी कथा सांगितली: डॉकेट, नोटीस, ४४१७ आणि ४४७१. काकांनी भिंग न काढता ऐकलं. पिना बसवून झाल्यावर घड्याळ माझ्या हातात ठेवत म्हणाले, "स्क्रू आवळूक धा मिनटां लागली असती. दोनशे रुपये."

मी पट्ट्याचे दीडशे दिले आणि छत्री उघडली.